होमखंडापर्यंतची सोबत

शिरगावच्या लईराईची कथा डिचोली तालुक्यातल्या मुलांना मुद्दाम शिकवावी लागत नाही; ती घरात, अंगणात, जाता-येता कानावर पडते. बहिणी-बहिणींचे एक कुटुंब आपल्या भावासह या मुलखात आले, असे लोक सांगतात. लईराई शिरगावला राहिली, केळबाय शेजारच्या मुळगावला, मोरजाय पेडण्यात मोरजीला. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीलाही लोक याच बहिणींत मोजतात. भाऊ खेतोबा वायंगिणीला. एके दिवशी लईराईने खेतोबाला विस्तव आणायला पाठविले. तो वाटेत मुलांच्या खेळात रमला आणि विस्तवाचे विसरूनच गेला. वाट पाहून पाहून ती शोधायला निघाली, त्याला खेळताना पाहून तिचा राग अनावर झाला आणि तिने त्याला लाथ मारली. राग ओसरल्यावर तिला केल्या गोष्टीचे वाईट वाटले आणि प्रायश्चित्त म्हणून तिने निखाऱ्यांवरून चालण्याचे ठरविले. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत होमखंड पेटतो आणि हजारो धोंड त्याच्या निखाऱ्यांतून जातात, त्याच्या मुळाशी ही गोष्ट आहे.

या कथेतली एक गोष्ट आपल्या नजरेतून सहसा निसटते. कामचुकारपणा भावाचा होता. प्रायश्चित्त मात्र बहिणीने घेतले. ज्याच्याकडे वडीलकी आहे, त्याने आपल्या हाताखालच्याला कसे वागविले याचा जाब त्यालाच द्यावा लागतो, असा न्याय आपल्या गावकथेने करून ठेवला आहे. गुरू, वडीलधारे, मार्गदर्शक यांच्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्यातले बहुतेक शिष्याच्या कर्तव्याविषयी आहे. अडचणीत सापडलेल्या माणसाने कोणाचा आधार घ्यावा, कसा घ्यावा, घेतल्यावर कृतज्ञ कसे राहावे, हे आपण वाचत आलो. आधार देणाऱ्याने कसे वागावे, हा प्रश्न त्या मानाने मागेच राहिला. या लेखात तोच विचारायचा आहे. एकाचा आधार दुसऱ्याला उभे करतो आणि दुसऱ्या एखाद्याचा आधार त्यालाच आयुष्यभर वाकवून ठेवतो. हा फरक कशामुळे पडतो?

होमखंडाकडेच आणखी थोडे पाहू. निखाऱ्यांतून चालताना धोंडाचे पाय त्याचे स्वतःचे असतात. तिथे कोणी कोणाच्या वतीने चालू शकत नाही. परंतु त्या पहाटेपर्यंत तो एकटा आलेला नसतो. व्रताचे दिवस तो इतर धोंडांबरोबर काढतो, सोवळ्याने राहतो, त्यांच्या पंगतीला जेवतो. गोव्यातून आणि गोव्याबाहेरूनही माणसे येतात; पहिल्यांदा व्रत धरणाऱ्याला कधी स्नान करायचे, काय खायचे, हातातला बेत कसा धरायचा हे जुने धोंड सांगतात. त्यांच्या सांगण्याला वजन असते, कारण ते स्वतः त्या निखाऱ्यांतून गेलेले असतात. सोबत होमखंडापर्यंतची असते आणि पलीकडे पोचल्यावरची असते. मधली पावले ज्याची त्याची.

इथे सोबत आणि गर्दी यांतला फरकही लक्षात ठेवला पाहिजे. मे २०२५ मध्ये याच जत्रेत पहाटेच्या वेळी चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे बळी गेले. माणसांची संख्या वाढली म्हणजे आधार वाढतो असे नाही. गर्दीत कोणाचे लक्ष कोणावर नसते. सोबतीत शेजारच्याचा पाय अडखळला तर आपल्याला कळते. आजच्या काळात ओळखीची माणसे शेकड्यांनी असूनही अडचणीच्या रात्री हाक कोणाला मारावी हे सुचत नाही, त्याचे कारण हेच असावे.

गोमंतकाच्या इतिहासात या प्रश्नाचा उलगडा करणारे एक चरित्र आहे. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ मध्ये साष्टीतल्या सांखवाळ गावी झाला. घरची परिस्थिती बेताची, औपचारिक शिक्षण जवळपास नाहीच. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाविषयीचा लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्या माणसाविषयी सर्व काही जाणून घ्यावे असा ध्यास लागला. १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पुढचा प्रवास पाहिला तर तो एका माणसाच्या जिद्दीचा आहे तितकाच अनेकांनी उघडलेल्या दारांचा आहे. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे साहाय्य झाले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. नेपाळ, गया, कलकत्ता असे करीत ते सिंहलद्वीपास पोचले. तिथे विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांनी त्यांना आश्रय दिला आणि पालीचे दार उघडले. पुढे ब्रह्मदेश झाला, कलकत्त्यात अध्यापन झाले.

यातल्या प्रत्येक आधाराची रीत पाहण्यासारखी आहे. भांडारकर प्रार्थनासमाजाचे, त्यांनी या तरुणाला समाजातच राहिला पाहिजेस असे बांधून घेतले नाही. काशीच्या अन्नछत्राने वैदिक विद्येसाठी आलेल्या ब्राह्मण विद्यार्थ्याला जेवू घातले आणि तो पुढे बौद्ध भिक्षू झाला. अन्नछत्राला त्याचा हिशेब मागण्याचे कारण नव्हते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी मात्र एक अट घातली. महाराष्ट्रात कुठेही राहावे, वर्षाला एक ग्रंथ लिहावा, दरमहा पन्नास रुपये मिळतील. कलकत्त्याची अधिक पगाराची जागा सोडून कोसंबींनी ती अट मान्य केली. कारण त्या अटीचे फळ देणाऱ्याच्या पदरात पडणारे नव्हते. ते मराठी वाचकाच्या पदरात पडणार होते. म्हणजे आधाराला अट असूच नये असे म्हणता येत नाही. अट कोणाच्या हिताची आहे, हे पाहावे लागते. १९१० मध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले, कोसंबी अमेरिकेला गेले. आणि तिथले प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले तेव्हा १९१२ मध्ये परतही आले. सांखवाळसारख्या गावातून बाहेर पडलेला हा माणूस हार्वर्डला ‘नाही’ म्हणू शकला. आधी मिळालेल्या आधारांनी त्याचे जे भले केले, त्याचा याहून चांगला पुरावा कोणता?

पण या चरित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती न पाहणे अन्यायाचे होईल. कोसंबी ज्ञानाच्या शोधात वर्षानुवर्षे दूर होते तेव्हा पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे होत्या. त्यांचे दिवस आप्तांच्या आधाराने गेले. मोठ्या माणसांच्या चरित्रात गुरूंची आणि आश्रयदात्यांची नावे छापली जातात. ज्यांनी मागे राहून चूल पेटती ठेवली त्यांचा उल्लेख एखाद्या ओळीत आटोपतो. एखाद्याचा आधार मोजताना त्याच्या समोरच्या हातांबरोबर पाठीमागचे हातही मोजले पाहिजेत. आपल्याकडे ते बहुतेक वेळा बायकांचे असतात.

आता याच मातीतली, पण उलट्या अनुभवाची एक कहाणी. मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १९०४ चा, कुर्डीचा. हे गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. आईने मुलीला गाणे यावे म्हणून जिवाचे रान केले आणि ती लवकरच गेली. नाटक मंडळ्यांतून कामे करीत, आजारी पडत ही मुलगी सांगलीला आली. तिथे तिचा रियाज एका वृद्ध गृहस्थांच्या कानावर पडला आणि त्यांनी आपण होऊन तिला शिकवायला सुरुवात केली. हे गृहस्थ म्हणजे उस्ताद अल्लादियाखाँसाहेब, हे तिला पुढे कळले. कोणी शिफारस केली नाही, दक्षिणा ठरली नाही. गाण्याने गाण्याला ओळखले.

खाँसाहेब मुंबईस गेले, मोगूबाईही गेल्या. पण तिथे हा ओघ अडला. खाँसाहेबांच्या विद्येवर ज्यांनी आपला हक्क सांगितला होता, त्यांना ही शिष्या नको होती. शिकवणी थांबली. मग खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांनी शिकविले. तेही पुढे थांबले. आग्रा घराण्याच्या उस्तादांकडेही त्यांनी तालीम घेतली. अखेर १९३४ मध्ये अल्लादियाखाँसाहेबांनी त्यांना गंडा बांधून शिष्या केले आणि १९४६ मध्ये आपल्या निधनापर्यंत शिकविले. १९७४ मध्ये मोगूबाईंना पद्मभूषण मिळाले. कन्या किशोरी आमोणकर त्यांच्याच तालमीत घडल्या.

हा इतिहास संगीतप्रेमींना ठाऊक आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातले महत्त्व असे, की देणाऱ्याची देण्याची इच्छा असूनही त्याच्याभोवतीची व्यवस्था त्याला देऊ देत नाही. आधार हा कधीच केवळ दोन माणसांमधला नसतो. गुरूलाही कोणीतरी पोसत असते आणि पोसणाऱ्याची मर्जी गुरूच्या ओसरीवर कोण बसणार हे ठरविते. म्हणून एखाद्या थोर माणसाच्या चांगुलपणावर भिस्त ठेवणे पुरेसे नाही. चांगुलपणाला मोकळेपणाने वागता येईल अशी व्यवस्थाही हवी.

अशी व्यवस्था आपल्या लोकांनी उभी केलेली आहे. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ ची. पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक यायला अजून दोन वर्षे होती आणि गोव्यातल्या हिंदूंना मुलांच्या मराठी शिक्षणाची सोय स्वतःच करावी लागत होती. संस्थेच्या नावातच तिची युक्ती आहे. घरातल्या रोजच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढायची. अशा मुठी गोळा करून शाळा चालवायची. एका मुठीने कोणाचे पोट उणे राहत नाही. आणि ज्याच्या मुलाला त्या शाळेचा लाभ होतो त्याला कोणा एका धनिकापुढे हात जोडावे लागत नाहीत. कारण त्यात त्याच्या स्वतःच्या घरचीही मूठ असते. शंभर वर्षे उलटून गेली तरी ही संस्था चालते आहे.

कोकणपट्टीतली सावड हाच विचार शेतात आणते. आज माझे बैल तुझ्या शेतात, उद्या तुझी माणसे माझ्या लावणीला. देशावर शेजाऱ्यांनी औते घेऊन यावे आणि ज्याचे शेत त्याने जेवू घालावे, अशी इर्जिक होती. सावडीत कोणी दाता नाही, कोणी याचक नाही. आजचा घेणारा उद्या देणारा असतो, म्हणून घेताना मान खाली जात नाही. ‘उपकार’ या शब्दाच्या पोटात ‘ओझे’ लपलेले असते. सावडीत ते ओझे फिरते राहते, एकाच्या डोक्यावर साचत नाही.

मात्र सावड काय, मूठ काय, बऱ्या दिवसांतच घालावी लागते. पाऊस कोसळत असताना घर शाकारता येत नाही. हे आपल्या डिचोलीकरांना गेल्या काही वर्षांत कळून चुकले आहे.

मुळगाव, शिरगाव, लामगाव, मये ही गावे लोहखनिजाच्या पट्ट्यातली. कित्येक दशके खाणीने या गावांना पैसा दिला आणि त्याचबरोबर कोणाच्या शेतात माती भरली, कोणाच्या विहिरीचे पाणी ओढले. शेती सुटली, ट्रक आले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबविल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत उत्खननाला वाट मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून पुन्हा सारे थांबले. सरकारने ट्रकमालकांना आणि कामगारांना काही काळ अर्थसाहाय्य दिले, कर्जात सवलती दिल्या. त्याने काही घरे तरली. पण दारात उभ्या ट्रकाचा हप्ता, मुलीची फी, बँकेत ठेवलेले दागिने यांहून जड असे एक ओझे होते: आपले वाईट चालले आहे हे चारचौघांत सांगायचे कसे? ज्याने काल गावच्या उत्सवाला वर्गणी भरली, त्याने आज उसने मागायचे कसे?

अशा वेळी उपदेश करणाऱ्यांचा उपयोग नसतो. आपल्याकडे शेजारी सकाळी कुंपणापाशी उभा राहून विचारतो, “जेवलो मरे?” सकाळी कोणी जेवत नाही, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. त्या प्रश्नाचा अर्थ एवढाच, की तू माझ्या लक्षात आहेस. माणसाची लाज राखून त्याची चौकशी करण्याची ही जुनी भाषा आहे. ज्याला ही भाषा येते, तो पुढची गोष्टही करू शकतो. कुठल्या पतसंस्थेत कोणाला भेटावे, मुलाला कोणते काम शिकवावे, मागच्या अंगणात काय लावावे हे तो सांगतो. आणि ऐकले नाही तर रागावत नाही.

खाणीचा प्रश्न इथेच संपत नाही. डिचोलीच्या खनिजपट्ट्याचा २०२२ मध्ये लिलाव झाला आणि २०२४ मध्ये उत्खनन पुन्हा सुरू झाले. मुळगावच्या ग्रामस्थांनी घरे, देवळे, शेते पट्ट्यातून वगळावीत अशी मागणी लावून धरली. ट्रक ज्याच्या दारात आहे त्याला खाण हवी. शेत ज्याचे पायथ्याशी आहे त्याला धास्ती. पुष्कळदा ही दोन्ही माणसे एकाच घरात जेवतात. आधाराची खरी कसोटी अशाच गावात लागते. आपल्याशी सहमत असलेल्याला हात देणे सोपे आहे. सभेत आपल्या विरुद्ध बोललेल्या शेजाऱ्याच्या घरी आजारपण आले, तर आपली गाडी रात्री बाहेर निघते का? आणि ज्याने नोकरी लावून दिली, देवळाला देणगी दिली, मुलाची फी भरली, त्याच्याविरुद्ध पंचायतीत हात वर करण्याची मोकळीक राहते का? राहत नसेल, तर मिळाले ते साहाय्य नव्हते. ती आगाऊ दिलेली किंमत होती. ज्या आधाराला ‘नाही’ म्हणता येते तोच आधार, असे मला वाटते.

याला एक आक्षेप येईल. ‘मदत घ्यायची आणि विरुद्धही बोलायचे, मग कृतज्ञता कुठे राहिली?’ आक्षेप खोटा नाही. कृतज्ञता नसलेला समाज फार दिवस टिकत नाही. परंतु कृतज्ञता म्हणजे होयबा होणे नव्हे. कोसंबींनी भांडारकरांचे ऋण फेडले ते भांडारकरांच्या घरी पाणी भरून नव्हे. पाली भाषा मराठी मुलांपर्यंत आणून. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी १९१२ पासून सहा वर्षे पाली शिकविली. मोगूबाईंनी खाँसाहेबांचे ऋण आपल्या शिष्यांना जीव ओतून शिकवून फेडले. ज्यांनी आपल्याला दिले त्यांना ते परत करता येत नाही. एक तर ते वारलेले असतात किंवा त्यांना आपल्या परतफेडीची गरज नसते. म्हणून उतराई व्हायची ती आपल्या मागून येणाऱ्याशी. पाटाचे पाणी वरच्या वाफ्याला परत पाठवायचे नसते. खालच्या वाफ्याला सोडायचे असते.

वय हीदेखील वडीलकीची अट नव्हे. ज्ञानदेव रुसून ताटी लावून बसले तेव्हा त्यांची समजूत धाकट्या मुक्ताबाईने घातली, असे परंपरा सांगते. खाण बंद झाल्यावर कित्येक घरांत कर्त्या पुरुषाला सावरले ते बायकोने, किंवा महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने. वडीलधाऱ्यांनी धाकट्याचा आधार घेण्यात कमीपणा मानू नये. उलट, आपण कोणाचा तरी आधार घेतो हे मुलांना दिसू द्यावे. अडचण लपविणाऱ्या घरातली मुले पुढे आपली अडचणही लपवितात.

लईराईने भावाला विस्तव आणायला पाठविले, यात तिची काही चूक नव्हती. मुलांना कामे सांगावीत, चुकले तर बोलावे. त्याशिवाय माणूस घडत नाही. चूक लाथेत होती. खेतोबा का थांबला हे विचारण्याआधी पाय उचलला गेला. परीक्षेत नापास झालेला मुलगा, धंद्यात बुडालेला भाऊ, सासरहून परत आलेली मुलगी उंबऱ्यात उभी असते तेव्हा आपणही नेमके त्या क्षणी असतो. तिथे पहिला प्रश्न ‘असे का केलेस?’ हा नसावा. आधी त्याला आत घ्यावे, पाणी द्यावे. विचारपूस उद्या सकाळीही करता येते.

आणि बरे दिवस असतील तेव्हा मूठ बाजूला काढीत जावी. ती तांदळाची असेल, वेळेची असेल, एखाद्या मुलाला गणित शिकविण्याची असेल. कोणाच्या घरी ती जाणार हे आज ठाऊक नसते. कदाचित ती आपल्याच घरी परत येईल. त्या दिवशी ती घेताना संकोच वाटू नये, एवढ्यासाठी तरी आज ती द्यावी.